अलीला खाली पाडणारा हेन्री कूपर, आणि ब्रिटिश मुष्टियुद्धाचा वारसा

सांगवीकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी.

माझी भाची गेली दोन वर्षे पुण्यातील एका क्लबमध्ये मुष्टियुद्ध शिकते आहे. संध्याकाळी तिला घ्यायला जातो तेव्हा मी मुद्दाम अर्धा तास आधी पोहोचतो आणि बाकावर बसून मुलामुलींचा सराव पाहतो. त्या बाकाच्या वरच एक जुने कृष्णधवल छायाचित्र लावलेले आहे. त्यात तरुण महंमद अली, म्हणजे तेव्हाचा कॅशियस क्ले, रिंगच्या दोरांपाशी खाली कोसळलेला दिसतो, आणि आपण कुठे आहोत हे न उमगल्याचा भाव त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येतो. याला पाडणारा कोण, असे मी तिथल्या दोघा-तिघांना विचारले, तेव्हा ‘कोणी तरी इंग्रज होता, पण शेवटी अलीच जिंकला’ एवढेच उत्तर मिळाले. घरी येऊन शोधल्यावर कळले की तो लंडनचा हेन्री कूपर, लढत १८ जून १९६३ ची आणि ठिकाण वेम्बली स्टेडियम.

माझा प्रश्न इथूनच सुरू होतो. कूपर ती लढत हरला. १९६६ मध्ये अली जगज्जेता असताना लंडनमधील हायबरी येथे, आर्सेनल क्लबच्या मैदानावर, दोघे पुन्हा भिडले, तेव्हाही तो हरला. जगज्जेतेपद त्याला कधीच मिळाले नाही. तरीही २००० साली त्याला ‘सर’ हा किताब मिळाला आणि जुन्या ब्रिटिश चाहत्यांच्या आठवणींत त्याचे नाव फार वरच्या जागी दिसते. याउलट १९५१ मध्ये साक्षात अमेरिकेच्या शुगर रे रॉबिन्सनला हरवणारा ब्रिटिश मुष्टियोद्धा रँडॉल्फ टर्पिन मला शोधून काढावा लागला. त्याचे नाव आमच्या क्लबमध्ये कोणीच ऐकलेले नव्हते.

आजचे मुष्टियुद्ध ज्या नियमांनी खेळले जाते त्यांचा पाया ब्रिटनमध्ये घातला गेला, हे मला ढोबळमानाने ठाऊक आहे. पण विजेतेपदाचे पट्टे मोजायला बसलो तर अमेरिका कितीतरी पुढे निघते. मग ब्रिटिश मुष्टियोद्ध्यांचा वारसा म्हणून मी भाचीला नेमके काय सांगावे? ज्यांनी हा खेळ जवळून पाहिला आहे किंवा स्वतः खेळला आहे, त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

लाल कोपरा

सांगवीकर, मी पंचवीस वर्षे मुलांना शिकवतो आहे आणि डावा हूक, म्हणजे आडवा वळणारा ठोसा, शिकवायची वेळ आली की आजही कूपरचीच चित्रफीत लावतो, म्हणून त्या ठोशापासूनच सुरुवात करतो.

कूपर मुळात डावखुरा होता, पण उभा राहायचा उजव्या हाताच्या खेळाडूसारखा, म्हणजे डावा पाय आणि डावा हात पुढे ठेवून. एरवी पुढचा हात चाचपणीसाठी आणि मागचा हात घाव घालण्यासाठी असतो. कूपरचा घाव घालणारा हातच पुढे असल्यामुळे त्याच्या ठोशाला अंतर कमी कापावे लागे आणि ताकद मात्र पुरेपूर असे. तो जॅबवर जॅब, म्हणजे पुढच्या हाताचे सरळ ठोसे, टाकत समोरच्याला मागे रेटत नेई, समोरच्याची नजर त्या सरळ रेषेला सरावली की तोच हात जॅबसारखाच निघे आणि शेवटच्या क्षणी आडवा वळे. चाहत्यांनी त्या हुकाला ‘एन्रीचा हातोडा’ असे नाव दिले होते. लंडनच्या कामगार वस्तीतली माणसे ‘हेन्री’मधला ‘ह’ उच्चारतच नाहीत, तो उच्चार तसाच त्या नावात राहिला.

वेम्बलीच्या त्या लढतीत क्लेचे वजन सुमारे ९४ किलो आणि कूपरचे सुमारे ८४ किलो होते. दहा किलोंचा फरक आणि क्लेच्या पायांचा वेग लक्षात घेतला तर कूपरला अख्ख्या लढतीत एखाददुसरीच खरी संधी मिळणार होती. ती चौथ्या फेरीच्या अगदी शेवटी मिळाली. क्ले हात खाली सोडून सरळ मागे सरकला, पाठीला दोर लागले, आणि हूक नेमका जबड्यावर बसला. तो उठला, पण त्याची नजर भलतीकडेच होती, आणि तेवढ्यात घंटा झाली. कोपऱ्यात त्याचे प्रशिक्षक अँजेलो डंडी यांनी त्याला शुद्धीवर आणणारे क्षार हुंगवले, जे ब्रिटिश नियमांत बसत नव्हते, आणि एका ग्लोव्हची शिवण उसवल्याचे पंचांच्या नजरेस आणून दिले. त्यात दोन-तीन मिनिटे गेली आणि क्ले सावरला. पाचव्या फेरीत कूपरच्या डाव्या डोळ्यावरची कातडी अशी फाटली की रक्तामुळे त्याला समोरचे दिसेना, आणि पंच टॉमी लिटल यांना लढत थांबवावी लागली. १९६६ मध्येही सहाव्या फेरीत हेच झाले. त्याच्या भुवयांखालची हाडे उंच होती आणि कातडी लवकर फाटे. ठोसे सोसण्याची हिंमत भरपूर असूनही त्याच्या कारकिर्दीतल्या कित्येक लढती या एकाच कारणाने हातच्या गेल्या.

त्याचे मोठेपण मोजायचे असेल तर लॉन्सडेल पट्ट्याचा नियम माहीत असावा लागतो. लंडनच्या नॅशनल स्पोर्टिंग क्लबने १९०९ मध्ये हा पट्टा सुरू केला. एकाच वजनगटात ब्रिटिश विजेतेपदाच्या तीन लढती जिंकणाऱ्याला तो कायमचा घरी नेता येई. बहुतेकांना एक पट्टा मिळवण्यातच उमेद संपते. कूपरने तीन मिळवले. १९५९ ते १९७१ या काळात, मधला थोडा खंड सोडला तर, हेवीवेट, म्हणजे सर्वांत जड गटातला, ब्रिटिश विजेता तोच होता. १९७१ मध्ये तरुण जो बगनरविरुद्ध पंधरा फेऱ्यांनंतर पंच हॅरी गिब्ज यांनी बगनरला केवळ पाव गुणाने विजयी ठरवले आणि कूपरने ग्लोव्ह उतरवले. त्या निर्णयावरचा राग त्याच्या चाहत्यांच्या मनातून कधी गेला नाही.

ते तिन्ही पट्टे त्याला १९९३ मध्ये विकावे लागले. लंडनच्या विमा व्यवसायात गुंतवलेले पैसे बुडाले होते. मला ही गोष्ट त्याच्या कोणत्याही पराभवापेक्षा अधिक लागते.

जुनी रिळे

लाल कोपरा यांचे तंत्रावरचे विवेचन उत्तम आहे, पण एका तपशिलाची दुरुस्ती करणे आवश्यक वाटते. ग्लोव्ह उसवल्यामुळे दोन-तीन मिनिटे गेली, ही गोष्ट वर्षानुवर्षे सांगितली गेली आणि सांगता सांगता लांबत गेली. त्या लढतीचे चित्रण आज उपलब्ध आहे, आणि त्यात चौथ्या व पाचव्या फेरीमधील विश्रांती ठरलेल्या एका मिनिटापेक्षा अवघे काही सेकंदच लांबलेली दिसते. ग्लोव्ह बदललाही गेला नाही. क्ले तोच ग्लोव्ह घालून पाचवी फेरी खेळला. शिवणीतली फट आपण जरा वाढवली, असे डंडी यांनी पुढे स्वतःच सांगितले, म्हणून त्या कथेला बळ मिळाले. परंतु त्या रात्री क्लेला वाचवले ते घंटेने आणि त्याच्या एकवीस वर्षांच्या शरीराने.

लाल कोपरा

दुरुस्ती मान्य आहे. मी ही गोष्ट माझ्या वस्तादांकडून ऐकली आणि पुढे तशीच सांगत आलो. आज चित्रफीत घड्याळ लावून पाहिली. उद्यापासून मुलांना बरोबर सांगेन.

मिडलँड्सकर

सांगवीकर, मी गेली अठरा वर्षे इंग्लंडच्या मध्य भागात, लेमिंग्टन स्पापासून फार दूर नसलेल्या गावात राहतो. रँडॉल्फ टर्पिन याच लेमिंग्टनमध्ये १९२८ साली जन्मला, आणि शेजारच्या वॉरिक शहराच्या बाजारचौकात त्याचा पुतळा आहे. तिथे आठवड्याचा बाजार भरतो तेव्हा पुतळ्याच्या आजूबाजूला भाजीची आणि कापडाची दुकाने लागतात, आणि त्या गर्दीच्या वर ग्लोव्ह घातलेल्या टर्पिनची मुद्रा दिसत राहते. आमच्याकडची पाहुणेमंडळी किल्ला पाहायला वॉरिकला येतात, तेव्हा मी प्रत्येकाला त्या पुतळ्यापर्यंत चालवत नेतो.

टर्पिनचे नाव तुमच्या क्लबमध्ये कोणाला माहीत नसावे, याचे मला दुःख होते, पण नवल वाटत नाही. त्याची गोष्ट नीट सांगायची तर त्याच्या आधीपासून सांगावी लागते. १९११ मध्ये जॅक जॉन्सन या कृष्णवर्णीय जगज्जेत्याची लंडनमध्ये ब्रिटनच्या बिली वेल्सशी लढत ठरली होती. तेव्हाचे गृहमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी ती होऊ दिली नाही. गोऱ्या माणसाला काळ्या माणसाने सर्वांसमोर हरवले तर साम्राज्यात काय संदेश जाईल, ही त्यामागची भीती होती. त्यानंतर ब्रिटिश विजेतेपदासाठी लढणाऱ्याचे आईवडील दोघेही गोरे असले पाहिजेत, असा दंडक आला आणि १९२९ मध्ये आकाराला आलेल्या ब्रिटिश मुष्टियुद्ध नियंत्रण मंडळाने तो आपल्या नियमांत लेखी स्वरूपात ठेवला.

या नियमाचा सर्वांत मोठा बळी मँचेस्टरचा लेन जॉन्सन होता. त्याचे वडील पश्चिम आफ्रिकेतून आलेले खलाशी आणि आई मँचेस्टरची. १९२० च्या दशकात त्याने देशातल्या नामवंत मिडलवेट (मधल्या वजनगटातल्या) मुष्टियोद्ध्यांना हरवले. पुढे विजेता झालेला लेन हार्वीही त्यांपैकी एक होता. ज्यांना त्याने हरवले ते विजेतेपदासाठी लढू शकत होते, आणि तो लढू शकत नव्हता. निवृत्तीनंतर तो राजकीय कार्यकर्ता झाला. १९५३ मध्ये मँचेस्टरच्या एका दारूच्या गुत्त्यात रंगावरून त्याला पेय नाकारण्यात आले, तेव्हा त्याने आणि त्याच्या साथीदारांनी लोक जमवून ती बंदी मोडून काढली. माझ्या मते ब्रिटिश मुष्टियुद्धाच्या इतिहासात पट्टा न मिळालेल्या माणसांमध्ये त्याची जागा पहिली आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा नियम टिकणे अशक्य झाले. २८ जून १९४८ रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर डिक टर्पिनने व्हिन्स हॉकिन्सला हरवले आणि तो पहिला कृष्णवर्णीय ब्रिटिश विजेता ठरला. डिक हा रँडॉल्फचा थोरला भाऊ. त्यांचे वडील ब्रिटिश गयानामधून आलेले होते, पहिल्या महायुद्धात ब्रिटनसाठी लढले होते आणि तिथल्या विषारी वायूने पोखरलेल्या शरीराने, रँडॉल्फ वर्षाचाही नसताना वारले. ज्याने या देशासाठी प्राण झिजवले, त्याच्या मुलाला या देशाचा पट्टा मिळायला १९४८ साल उजाडावे लागले.

आणि मग १० जुलै १९५१. शुगर रे रॉबिन्सन युरोपचा दौरा करत लंडनला पोहोचला होता. सोबत गुलाबी कॅडिलॅक गाडी आणि मोठा लवाजमा. तोवरच्या शंभराहून अधिक व्यावसायिक लढतींत तो फक्त एकदा, जेक लामोट्टाकडून, हरला होता. अर्ल्स कोर्टच्या सभागृहात सुमारे अठरा हजार प्रेक्षक होते आणि बाकीचा देश रेडिओला कान लावून बसला होता. टर्पिनचा पवित्रा पुस्तकात बसणारा नव्हता. तो पाय रुंद फाकवून, अंग मागे ठेवून उभा राही आणि तिथून झेप घेतल्यासारखा डावा जॅब टाकी. रॉबिन्सनला समोरच्या माणसाचा ताल पकडून त्याला आपल्या तालावर नाचवायची सवय होती, आणि टर्पिनला पकडता येईल असा तालच नव्हता. अंगाला अंग भिडले की टर्पिनची व्यायामाने कमावलेली ताकद भारी पडे. पंधरा फेऱ्यांनंतर पंचांनी टर्पिनचा हात वर केला.

चौसष्ट दिवसांनी, १२ सप्टेंबर रोजी, न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर साठ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर परतीची लढत झाली. दहाव्या फेरीत टर्पिनने रॉबिन्सनची भुवई फोडली. लढत रक्तामुळे थांबेल या भीतीने रॉबिन्सन त्याच फेरीत जिवाच्या आकांताने तुटून पडला, टर्पिनला खाली पाडले, उठल्यावर दोरांशी गाठून ठोशांचा वर्षाव केला, आणि फेरीचे मोजके सेकंद उरले असताना पंचांनी लढत थांबवली.

पुढचे लिहिताना हात जड होतो. पैसा आला तसा गेला. वेल्समधील एका डोंगरमाथ्यावरच्या हॉटेलात त्याने मोठी रक्कम घातली, ती बुडाली. ज्या कमाईचा बराचसा भाग त्याच्या हाती उरलाच नव्हता, त्यावर प्राप्तिकर खात्याने कर मागितला आणि १९६२ मध्ये तो दिवाळखोर ठरला. पोटासाठी तो व्यावसायिक कुस्तीच्या खेळांत उतरला, लेमिंग्टनमध्ये ट्रकचालकांसाठी एक साधे उपाहारगृह चालवू लागला. १७ मे १९६६ रोजी त्याच ठिकाणी त्याने स्वतःला गोळी घालून घेतली. तो ३७ वर्षांचा होता. चारच दिवसांनी हायबरीला कूपर आणि अली यांची ती दुसरी लढत झाली, आणि देशाचे सगळे लक्ष तिकडे होते. सांगवीकर, तुमच्या प्रश्नातली दोन नावे त्या आठवड्यात अशी एकत्र आली होती.

भूलतज्ज्ञ

मी व्यवसायाने भूलतज्ज्ञ आहे आणि जिल्हास्तरीय मुष्टियुद्ध स्पर्धांत रिंगजवळचा डॉक्टर म्हणून अनेकदा बसलो आहे. माझ्या दृष्टीने ब्रिटिश वारसा तुम्हाला सर्वांत स्पष्ट दिसेल तो नियमांत. पण ते नियम कोणत्या घटनेनंतर आले, हेही सोबत वाचावे लागते.

जॅक ब्रॉटनपासून सुरुवात करतो. १७४१ मध्ये त्याच्याशी लढलेला जॉर्ज स्टीव्हन्सन त्या मारामुळे मरण पावला. उघड्या मुठींचा तो काळ होता. ब्रॉटन हादरला आणि १७४३ मध्ये त्याने पहिले लेखी नियम केले: खाली पडलेल्याला मारायचे नाही, कमरेखाली धरायचे नाही, आणि पडलेल्याला मध्यरेषेवर परत येण्यासाठी अर्धा मिनिट द्यायचा. सरावासाठी गादीदार हातमोजेही त्यानेच आणले. १८६७ मध्ये जॉन ग्रॅहॅम चेंबर्स यांनी लिहिलेले आणि क्वीन्सबरीच्या मार्क्विसच्या नावाने प्रसिद्ध झालेले नियम आले, आणि तीन मिनिटांची फेरी, एका मिनिटाची विश्रांती, दहा अंकांची मोजणी व ग्लोव्ह हे सगळे त्यातून आले. येथे एक वैद्यकीय गोष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे: ग्लोव्हने मुठीची हाडे वाचतात, पण मेंदू वाचत नाही. मूठ दुखत नसल्यामुळे डोक्यावर अधिक ठोसे मारता येतात, आणि मेंदू कवटीत हलतच राहतो.

आता २१ सप्टेंबर १९९१ ची रात्र. लंडनमधील व्हाइट हार्ट लेन मैदानावर मायकेल वॉटसन आणि ख्रिस युबँक यांची लढत होती. अकराव्या फेरीत वॉटसनने युबँकला खाली पाडले. लढत त्याच्या हातात आली होती. युबँक उठला आणि त्याच फेरीच्या शेवटी त्याने खालून वर असा एक अपरकट मारला, की वॉटसन मागे कोसळला आणि त्याचे डोके दोरावर आदळले. बाराव्या फेरीत पंचांनी लढत थांबवली. थोड्याच वेळात वॉटसन रिंगमध्ये बेशुद्ध पडला.

अशा वेळी शरीरात जे घडते ते असे. मेंदूच्या पृष्ठभागावरून कवटीकडे जाणाऱ्या बारीक शिरा तुटतात आणि मेंदूच्या आवरणाखाली रक्त साचू लागते. कवटीला फाकायला जागा नसल्यामुळे ते रक्त मेंदूला दाबते, श्वास मंदावतो, प्राणवायू कमी पडतो, मेंदू आणखी सुजतो. हे चक्र थांबवण्यासाठी श्वासनलिकेत नळी घालून प्राणवायू देणे, सूज उतरवणारे औषध शिरेतून देणे आणि थेट मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात नेणे, या तीन गोष्टी मिनिटे मोजून कराव्या लागतात. वॉटसनला रिंगजवळ यातले काहीच मिळाले नाही. जवळपास अर्ध्या तासाने तो जिथे पोहोचला, त्या रुग्णालयात मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विभाग नव्हता. तिथून त्याला दुसरीकडे हलवल्यावर मेंदूचे शल्यविशारद पीटर हॅमलिन यांनी त्याच्यावर एकामागून एक सहा शस्त्रक्रिया केल्या. तो चाळीस दिवस बेशुद्ध होता.

पुढे वॉटसनने नियंत्रण मंडळावर दावा लावला. खेळाचे नियम जो करतो त्याच्यावर खेळाडूच्या जिवाची जबाबदारी येते, हे न्यायालयाने मान्य केले आणि डिसेंबर २००० मध्ये अपिलातही तोच निर्णय कायम राहिला. पण व्यवस्था त्याआधीच बदलू लागली होती: रिंगपाशी भूलतज्ज्ञ, सज्ज रुग्णवाहिका आणि आधीच सूचना दिलेला मेंदू शस्त्रक्रिया विभाग. १९९८ च्या मे महिन्यात लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये स्पेन्सर ऑलिव्हर तशाच रक्तस्रावाने कोसळला, तेव्हा त्याला रिंगमध्येच भूल देऊन, नळी घालून हलवण्यात आले. तो बरा झाला आणि आज समालोचन करतो. या दोन लढतींमध्ये सात वर्षांचेही अंतर नाही. माझ्या विद्यार्थ्यांना मी या दोन घटना शेजारी ठेवून शिकवतो.

वॉटसनने २००३ मध्ये लंडन मॅरेथॉन सहा दिवसांत चालून पूर्ण केली. शेवटच्या टप्प्यात त्याच्या शेजारी ख्रिस युबँक चालत होता.

एक स्वतःचा अनुभव नोंदवतो. काही वर्षांपूर्वी आपल्याकडील एका स्पर्धेत सकाळी पोहोचलो तर रुग्णवाहिका आलेली नव्हती, आणि आयोजकांनी ‘पहिल्या दोन लढती तेवढ्या होऊन जाऊ द्या’ अशी विनंती केली. मी नकार दिला आणि मुले दीड तास ताटकळत बसली. त्यांच्यातल्या काहींचे पालक माझ्यावर चिडले. त्यांना मी वॉटसनचे नाव सांगितले, पण ते कोणाला माहीत नव्हते. सांगवीकर, भाचीच्या स्पर्धेला जाल तेव्हा रुग्णवाहिका कुठे उभी आहे हे आधी पाहा आणि मग जागेवर बसा.

सांगवीकर

आपण सर्वांनी इतक्या तळमळीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. डॉक्टरसाहेब, क्लबमध्ये विचारणा केली आहे आणि पुढच्या स्पर्धेपासून मी स्वतः लक्ष घालणार आहे.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. पहिली, हेवीवेट जगज्जेता लेनॉक्स लुईसचा उल्लेख कोणीच केला नाही, याचे कारण काय? दुसरी, काल हे सगळे मी भाचीला वाचून दाखवले, तेव्हा ती म्हणाली, ‘मामा, यात एकही मुलगी नाही.’ तिचे म्हणणे खरे आहे. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मेरी कोमला उपांत्य फेरीत हरवणारी निकोला अ‍ॅडम्स ब्रिटिशच होती, एवढे मला आठवते.

मिडलँड्सकर

लुईसचे नाव राहिले ही चूकच. तो लंडनमध्ये जन्मला, लहानपणी कॅनडाला गेला, १९८८ चे ऑलिंपिक सुवर्णपदक त्याने कॅनडासाठी जिंकले आणि व्यावसायिक खेळायला ब्रिटनमध्ये परतला. त्यामुळे इथल्या प्रेक्षकांनी त्याला आपला म्हणायला फार वेळ लावला; त्यांचा जीव दुसऱ्या ब्रिटिश हेवीवेटवर, फ्रँक ब्रुनोवर होता. १९९९ मध्ये अमेरिकेच्या इव्हँडर होलिफील्डला हरवून तो निर्विवाद हेवीवेट जगज्जेता झाला. ज्या दोघांकडून तो हरला, त्या दोघांनाही त्याने परतीच्या लढतीत बाद केले, आणि २००४ मध्ये तो जगज्जेता असतानाच निवृत्त झाला. केवळ गुणवत्तेवर बोलायचे तर ब्रिटनचा सर्वश्रेष्ठ हेवीवेट तोच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

एक्कावन्न किलो

तुमच्या भाचीसाठी मी लिहिते. मी स्वतः राज्य पातळीपर्यंत ५१ किलोंत खेळले आहे.

हा गट म्हणजे फ्लायवेट, आणि तो ठरवला तोही लंडनच्या त्याच नॅशनल स्पोर्टिंग क्लबने, १९०९ मध्ये. पौंडांत ११२, म्हणजे किलोंत ५०.८. या गटाचा पहिला सर्वमान्य जगज्जेता वेल्सच्या कोळसा खाणीतला जिमी वाइल्ड. तो इतका किरकोळ होता की गटाची वरची मर्यादा गाठण्याइतकेही वजन त्याच्या अंगावर कधी नसे. जत्रांमधल्या तंबूत तो आपल्यापेक्षा कितीतरी जड माणसांशी लढत लढत तयार झाला. मेरी कोमचेही लंडनमध्ये हेच दुखणे होते. तिची जागतिक विजेतेपदे ४५, ४६ आणि ४८ किलोंतली होती, पण २०१२ मध्ये महिलांसाठी ५१, ६० आणि ७५ हे तीनच गट ठेवले गेले, म्हणून तिला वरच्या गटात खेळावे लागले. ८ ऑगस्टला अ‍ॅडम्सने तिला ११-६ असे हरवले आणि दुसऱ्या दिवशी चीनच्या रेन कॅनकॅनला नमवून महिला मुष्टियुद्धातले पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक घेतले. मेरी हरली तेव्हा मी रडले होते. नंतर ती लढत शांतपणे पाहिली, आणि अ‍ॅडम्सने किती शहाणपणाने अंतर राखले होते हे कळले. मेरी आत शिरायला पाऊल उचलते त्याच क्षणी अ‍ॅडम्सचा हात तिथे आधीच पोहोचलेला असतो.

अ‍ॅडम्स तेराव्या वर्षी पहिली लढत खेळली, त्यानंतर दुसरी प्रतिस्पर्धी मिळायला तिला चार वर्षे थांबावे लागले, कारण इंग्लंडमध्ये मुलींच्या हौशी मुष्टियुद्धावरची बंदी १९९६ मध्ये नुकतीच उठली होती. महिलांच्या व्यावसायिक मुष्टियुद्धावरची बंदी उठवायला लावली ती जेन काऊचने. ती आधीच जगज्जेती होती, तरी ब्रिटनच्या मंडळाने तिला परवाना नाकारला. मासिक पाळीमुळे स्त्रियांचे मन अस्थिर होते, हा युक्तिवाद त्यांनी १९९८ मध्ये न्यायाधिकरणासमोर केला. काऊच जिंकली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये परवाना घेऊन लंडनमध्ये लढली. माझ्या पहिल्या जिल्हा स्पर्धेआधी ‘पाळी असेल तर घरी बस’ असे मला एका पदाधिकाऱ्याने सांगितले होते, तेव्हा मला काऊच माहीत नव्हती. माहीत असती तर उत्तर देता आले असते.

भाची सध्या कोणत्या वजनात खेळते ते कळवा. ४८ च्या आसपास असेल तर तिला त्या उपांत्य लढतीची चित्रफीत दाखवा, पण पहिल्यांदा दोघींचे हात पाहू नका असे सांगा. चारही फेऱ्या फक्त अ‍ॅडम्सचा पुढचा पाय पाहायचा, आणि मेरीला आत शिरायला कोणत्या बाजूने जागा उरली होती ते तिने मला लिहून कळवायचे.